खंडेनवमीचा नारळ आणि पगाराची वही

प्रश्न : हिशेबनीस, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

मी अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेलच्या कारखान्यात दोन वर्षांपासून हिशेबनीस म्हणून काम करतो. कारखाना मोठा नाही. एका पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग, पलीकडे सुताच्या कांड्या भरण्याची आणि शिलाईची खोली, आणि दाराजवळ माझे टेबल एवढाच त्याचा पसारा आहे. आमचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. आजोबा मिशनच्या शाळेत शिकले, वडील रेल्वेत होते, आणि रविवारची उपासना चुकवायची नाही हा घरचा शिरस्ता मी आजही पाळतो.

अडचण अशी आहे. खंडेनवमीला आमच्याकडे माग बंद ठेवून त्यांची पूजा करतात. आदल्या दिवशी मागाच्या सांगाड्यात अडकलेली कापसाची धूळ काढून, पुसून, तेल घालून सगळे माग लखलखीत केले जातात. सकाळी त्यांना झेंडूच्या माळा बांधतात, हळदकुंकू वाहतात, पहिल्या मागापुढे नारळ फोडतात आणि पेढे वाटतात. आजवर नारळ फोडण्याचा मान मागांची देखभाल करणाऱ्या आमच्या जुन्या जॉबरकाकांचा होता, पण ते यंदा काम सोडून गावी गेले. परवा मालकांनी सर्वांसमोर मला सांगितले, "यंदा नारळ तुम्ही फोडायचा. तुमचा हिशेब चोख असतो, तुमच्या हातून झालेले चांगलेच होईल." त्यांनी हे इतक्या आपुलकीने म्हटले की मला त्या क्षणी नकार देता आला नाही.

घरी आल्यापासून मन अस्वस्थ आहे. आई म्हणते की ही सरळ सरळ मूर्तिपूजा आहे आणि मी त्या दिवशी रजा घ्यावी. मामा म्हणतात की नारळ म्हणजे नारळ, त्यात देव शोधत बसू नये, नोकरी टिकवावी. मला दोघांचेही पटते आणि दोघांचेही पटत नाही. रजा घेतली तर ते पळून जाण्यासारखे होईल, आणि ज्यांच्याबरोबर मी रोज डबा खातो त्या माणसांना वाटेल की मला त्यांच्या सणाची किळस आहे. नारळ फोडला तर पुढच्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीच्या वेळी मी कोणत्या तोंडाने पुढे जाऊ? आणि पेढा घ्यावा की घेऊ नये?

कृपया लवकर मार्गदर्शन करावे. या आठवड्यात दिवाळीच्या बोनसाची पत्रकेही करायची आहेत. आमच्याकडे कामाला ३१ जण असले तरी पत्रकावर १८ नावेच असतात, त्यामुळे उरलेल्यांची पाकिटे वेगळी बांधावी लागतात आणि त्यातच रात्र होते.

उत्तर : निवृत्त शिक्षक, रेल्वे लाइन्स

सलाम. तुमचा प्रश्न नवा नाही, आणि तो जुना आहे यातच तुमच्यासाठी दिलासा आहे. करिंथ या प्राचीन ग्रीक शहरातल्या विश्वासणाऱ्यांपुढे हाच पेच होता. तिथल्या बाजारातले मांस बहुधा देवळातून आलेले असे, ओळखीपाळखीच्या लोकांची जेवणे देवळाच्या आवारात होत, आणि जो तिथे जाणार नाही तो आपल्या व्यवसायातून व नात्यातून बाहेर पडे. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या, बायबलमधील पहिल्या पत्रातील ८ ते १० हे अध्याय सलग वाचा. एकेक वचन सुटे काढले की तुमच्या आईलाही आधार सापडतो आणि मामांनाही, म्हणूनच दोघांचे निम्मे निम्मे पटते.

पौल तेथे तीन वेगवेगळ्या गोष्टी बोलतो आणि आपण त्या एकत्र कालवतो. बाजारात मिळते ते खा, उगाच चौकशी करू नका, कारण पृथ्वी प्रभूची आहे, हे एक. कोणी घरी बोलावले आणि जावेसे वाटले तर जा आणि पुढे वाढलेले खा, मात्र कोणी मुद्दाम सांगितले की हे अर्पण केलेले आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका, हे दुसरे. आणि वेदीशी स्वतः भागीदार होणे, म्हणजे पूजकाच्या जागी उभे राहणे, हे तिसरे. त्या तिसऱ्या गोष्टीला तो स्पष्ट नकार देतो आणि त्याचे कारणही प्रभुभोजनाच्या मेजावरूनच देतो. तुम्हाला प्रभुभोजनाची आठवण झाली ती योग्य ठिकाणी झाली.

म्हणून माझे मत असे की तुम्ही त्या दिवशी कारखान्यात जावे, रजा घेऊ नये, परंतु नारळ फोडू नये. आदल्या दिवशी माग स्वच्छ करायला सर्वांच्या आधी बाह्या सरसावून उभे राहावे. ज्या यंत्रावर ३१ घरांची चूल पेटते ते पुसणे ही कोणाचीही पूजा नव्हे, ती कृतज्ञता आहे, आणि ती आपल्या देवालाच पोहोचते. झेंडूच्या माळेविषयीही मन कचरू देऊ नका. आपल्या लग्नांत हळद लागते, हिरवा चुडा भरला जातो, म्हणून कोणी आपला विश्वास कमी झाला असे म्हणत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा अभंग, ओवी आणि कीर्तन मागे टाकून दिले नाही. ते सर्व घेऊन ते ख्रिस्ताकडे आले, आणि आज आपण उपासनेत त्यांचीच पदे गातो. मराठी माणसाने ख्रिस्ती होण्यासाठी मराठीपण उंबऱ्याबाहेर ठेवावे लागत नाही. नमस्कार कोणाला घालायचा, एवढेच ठरवावे लागते.

नकार कसा द्यायचा यासाठी दानीएलाचा पहिला अध्याय पाहा. राजाचे अन्न नको हे त्याने मनाशी निश्चित केले, पण अधिकाऱ्याशी तो अदबीने बोलला आणि दहा दिवसांची मुदत मागून घेतली. तुम्हीही मालकांना एकट्याने गाठून सांगा की तुम्ही दिलेला मान मला मोठा वाटतो, परंतु माझ्या विश्वासात पूजा मी एकाच देवाची करतो, तेव्हा हा मान सर्वांत जुन्या विणकराला द्यावा, तो त्यालाच शोभेल.

पेढ्याविषयी मी नियम सांगणार नाही. देणाऱ्याने तो प्रेमाने मिठाई म्हणून दिला आणि तुमचे मन स्वच्छ असेल तर खा. मन कचरत असेल तर खाऊ नका, कारण रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात म्हटल्याप्रमाणे जे विश्वासाने केले नाही ते पाप आहे. तुमच्या आईला त्याने ठेच लागणार असेल तर तोही विचार करा, तिचे मन पेढ्याहून मोलाचे आहे.

उत्तर : विडी कामगाराची मुलगी

सरांनी नारळाविषयी जे लिहिले त्यात मला भर घालायची नाही. पण मी तुमच्या शेवटच्या परिच्छेदापाशी थांबले, आणि दुसऱ्यांदा वाचूनही मला पुढे जाता आले नाही. कामाला ३१ जण आणि पत्रकावर १८ नावे हे तुम्ही इतक्या सहज लिहिले आहे, जणू पाकिटे बांधायला लागणारा वेळ हीच त्यातली अडचण आहे.

मी हे रागाने लिहीत नाही, माझ्या आईमुळे लिहिते. आईने ३० वर्षांहून अधिक काळ विड्या वळल्या. पहाटे तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, आणि दुपारनंतर हजार विड्यांची चळत पदराखाली झाकून कारखान्यात द्यायला जायची. तेथे छाट निघायची, म्हणजे तपासनीस हाताला येतील तेवढ्या विड्या खराब म्हणून बाजूला टाकायचा आणि तेवढी मजुरी कापली जायची. छाटीचे दुःख रोजचे होते, म्हणून ते दिसायचे. जे दिसले नाही ते वहीत होते. आईचे नाव भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत ती कामाला लागल्यानंतर कितीतरी वर्षांनी चढवले गेले, मध्ये काही वर्षे ते गळालेही. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा नोंदलेली असावी लागते. आईची भरली नाही. जिची बोटे पानांनी चिरून काळी पडली होती तिला खिडकीवरच्या माणसाने सांगितले की मावशी, तुम्ही एवढी वर्षे काम केलेच नाही.

ती वही लिहिणारा लेखनिक वाईट माणूस नव्हता. तो आईला वहिनी म्हणायचा, सणाला तिळगूळ द्यायचा, देवभीरू होता. त्याने आईचा एक पैसाही खाल्ला नाही. त्याला जे लिहायला सांगितले ते त्याने लिहिले, एवढेच.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते असे म्हटले आहे. लहानपणी हे वचन पाठ करताना मला वाटे की मजुरी कशी ओरडेल? आईबरोबर त्या खिडकीपुढे उभी राहिले तेव्हा कळले. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात तर मजुराचे वेतन सूर्य मावळण्याआधी द्यावे अशी आज्ञा आहे, कारण त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. आपण ही वचने उपासनेत वाचतो, आमेन म्हणतो आणि सोमवारी टेबलावर बसून दुसरी वही उघडतो. पंडिता रमाबाईंची मुक्ती सदनाची वास्तू जिथे आहे ते केडगाव आपल्याच पुणे-सोलापूर लोहमार्गावर आहे. आपण कितीदा तिथून गेलो असू. दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी शुभवर्तमान सांगितले आणि त्याबरोबर विणकाम, छपाई शिकवून स्वतःच्या पायावर उभे केले. त्यांच्या लेखी ही दोन वेगळी कामे नव्हती.

तुमच्या मालकांनी म्हटले की तुमचा हिशेब चोख असतो. दादा, तो चोख आहे का? प्रभुभोजनाला कोणत्या तोंडाने जाऊ हा प्रश्न मला त्या वहीविषयी पडला असता.

उत्तर : यंत्रमाग कारखानदार

मी आपल्याच मंडळीचा, म्हणजे चर्चचा सभासद आहे आणि माझा छोटा कारखाना आहे. ताईंचे पत्र वाचून दोन दिवस काही लिहवले नाही. नंतर ठरवले की खरे ते सांगावे, कारण मी स्वतः कैक वर्षे हेच केले आहे. एका शेडमध्ये दोन नावांनी दोन कारखाने दाखवायचे, प्रत्येकात २० पेक्षा कमी माणसे ठेवायची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होत नाही. काहीजण एवढाही खटाटोप करीत नाहीत, नावेच लिहीत नाहीत. तुमच्याकडे दुसरा प्रकार दिसतो.

आमची बाजूही ऐकावी. सूत उधारीवर घ्यावे लागते, टॉवेल किलोवर विकला जातो आणि व्यापारी किलोमागे रुपया-दोन रुपयांसाठी मोडता घालतो, विजेचे बिल मात्र थांबत नाही. मी जेव्हा हे करीत होतो तेव्हा स्वतःला हेच सांगत होतो की कारखाना बंद पडला तर या माणसांना कामच राहणार नाही. त्यात तथ्य होते, पण त्या तथ्याआड मी लपलोही होतो, कारण कागदावर आकडा मांडून पाहण्याची हिंमत मी कधी केली नव्हती.

तो आकडा मांडा, हा माझा सल्ला. तुमच्या त्या १३ जणांची नावे चढली की आकडा २० च्या वर जातो आणि कायदा सर्व ३१ जणांना लागू होतो. समजा त्यांना महिन्याला सरासरी १२,००० रुपये पडतात. मालकाचा वाटा १२ टक्के, त्यावर विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून १ टक्का, म्हणजे माणशी १,५६० रुपये. ३१ माणसांचे महिन्याला ४८,३६० रुपये होतात. कामगाराच्या पगारातून जाणारे १२ टक्के वेगळे, आणि इथे आणखी एक अडथळा आहे तो ताईंना ठाऊक असेल : अनेक कामगारांनाच ती कपात नको असते, हातात रोख हवी असते. त्यांना बसवून समजावावे लागते. बोनसही पत्रकावर आला की किमान ८.३३ टक्के द्यावा लागतो, तुम्ही पाकिटात काय घालता ते त्याच्याशी ताडून पाहा. ४८,३६० रुपये हा छोटा आकडा नव्हे, पण मालक मनात ज्या राक्षसाला भितो त्याहून तो पुष्कळ लहान निघतो. माझ्या बाबतीत तरी निघाला.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि विचारू लागले की आम्ही काय करावे, तेव्हा त्याने त्यांना नाके सोडून अरण्यात या असे सांगितले नाही. ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, असे सांगितले. लूकाच्या तिसऱ्या अध्यायातील हे उत्तर तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी आहे. टेबल सोडू नका, टेबलावर खरे लिहा. मालकांशी आधी एकट्याने बोला, कोणाकडे तक्रार घेऊन आधी जाऊ नका. मात्र खोट्या पत्रकावर स्वतःची सही करू नका, कारण पुढे चौकशी झाली तर वही ज्याच्या हस्ताक्षरात आहे त्यालाही उत्तर द्यावे लागते. आणि नोकरी जाण्याची शक्यता गृहीत धरा. विश्वासाने वागले की नोकरी वाचतेच असे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तसे वचन कुठेही दिलेले नाही. घरखर्चाची दोन-तीन महिन्यांची तरतूद करून मग बोलायला जा, आणि आमच्या मंडळीतील कोणाला तरी आधी कल्पना देऊन ठेवा.

एका बाबतीत ताईंशी माझे मत जुळत नाही. नारळाचा प्रश्न लहान नाही. जो माणूस नारळाबाबत "एवढ्याने काय होते" म्हणायला शिकतो, तो वहीबाबतही तेच म्हणतो. माझे तसेच झाले होते.

उत्तर : जॉबर, पूर्व भाग

मी ख्रिस्ती नाही, पद्मशाली म्हणजे तेलुगूभाषक विणकर समाजाचा आहे, पण चर्चा आमच्या कामाची आहे म्हणून लिहितो. आमच्या घरात चार पिढ्या माग आहे. खंडेनवमीचा दिवस आम्हाला मोठा, कारण वर्षभर कानात खडखडाट असतो आणि त्या दिवशी शेड शांत असते. तुम्ही नारळ फोडला नाही म्हणून कोणी वाईट वाटून घेणार नाही, मुसलमान कामगार आमच्यात आहेत, तेही उभे राहतात, पेढा घेतात, नारळ फोडत नाहीत. तुम्ही आलाच नाहीत तर मात्र लक्षात राहील.

आमच्या शेडमध्ये पूर्वी एक ख्रिस्ती मुनीम होते. ते काय खात आणि कुठे हात जोडत हे मला आठवत नाही. एका कामगाराचा हात मागात सापडला तेव्हा त्यांनी त्याची हजेरी पाच महिने भरून ठेवली आणि मालकांना सांगून भरली, एवढे आठवते.

पुन्हा : हिशेबनीस, अक्कलकोट रस्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

नारळाचे बोलणे दोन मिनिटांत झाले. मालक म्हणाले, "अहो, मग तेव्हाच सांगायचे." सर्वांत जुन्या विणकराने नारळ फोडला, आणि तो फोडताना त्यांचा हात थरथरत होता. त्यांना तो मान आजवर कोणी दिला नव्हता. मी शेजारी उभा होतो. पेढा मी घेतला. आईला आधी विचारले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की तुझे मन स्वच्छ असेल तर घे.

ताई, तुमचे पत्र मी आईला वाचून दाखवले नाही. मला ते जमले नाही. दोन वर्षे मी ती पत्रके केली, प्रत्येक आकड्याची बेरीज तपासली, पैशाचीही चूक होऊ दिली नाही आणि त्यालाच प्रामाणिकपणा समजत आलो. तुम्ही विचारलेला प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

दसऱ्यानंतर मी मालकांकडे गेलो. ४८,३६० चा कागद पुढे ठेवला आणि म्हटले की या वेळी १८ नावांच्या पत्रकावर मी सही करणार नाही. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. दिवाळीनंतर बोलू, म्हणाले. पत्रक अजून माझ्या टेबलावर कोरे आहे. उद्या ते दुसऱ्या कोणाकडून करून घेतील का, मला ठाऊक नाही.

तोवर राहिलेल्या १३ जणांची यादी तरी आधार कार्डाप्रमाणे तयार असावी म्हणून मी काल जेवणाच्या सुटीत एकेकाला नाव विचारत बसलो. कांड्या भरणाऱ्या मावशींना मी दोन वर्षे मावशी म्हणूनच हाक मारत आलो. पाकिटावरही "कांडी" एवढेच लिहीत असे. त्यांनी पूर्ण नाव सांगितले ते मला नीट कळले नाही, म्हणून त्यांनी माझ्याकडून पेन घेतले आणि माझ्या वहीत ते तेलुगूत सावकाश लिहून दाखवले. मग शेजारी बसून, एकेका अक्षरावर बोट ठेवत, माझ्याकडून ते देवनागरीत उतरवून घेतले.